शुक्रवारी दुपारी दिल्लीतच थांबा

प्रति,
विदर्भातील लोकसभेचे सर्व सदस्य,
तसेच विदर्भातून राज्यसभेवर गेलेले सदस्य

विषय : खासदाराने स्वतःच्या नावाने विधेयक मांडण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या भाषणात एक वाक्य हमखास असतं : ‘या प्रश्नावर सरकारने कायदा करावा, अशी मागणी मी संसदेत लावून धरली.’ मागणी केलीत, चांगलं केलंत. पण मागणी करायला आम्हीही मोकळे आहोत. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर जाऊन बघा, मागणी करणाऱ्यांची कमी नाही. तिथे अडवलेल्या मोर्चातल्या निम्म्याअधिक माणसांना हेही ठाऊक नसतं की त्यांच्या निवेदनातला कायदा मुंबईचा नसून दिल्लीचा आहे. त्यांच्याजवळ जे नाही आणि आपल्याजवळ आहे, ते म्हणजे कायद्याचा मसुदा थेट सभागृहात ठेवण्याचा अधिकार. तो आपण का वापरत नाही, आणि वापरता तेव्हा इतका उरकून का टाकता, हे विचारण्यासाठी हे पत्र.

मी नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. संविधानाचं कलम १०७ पोरांकडून घोकून घेणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. धन विधेयकं (म्हणजे कर आणि सरकारी तिजोरीबाबतची) आणि काही वित्तीय विधेयकं सोडली तर कोणतंही विधेयक संसदेच्या कोणत्याही सभागृहात सुरू होऊ शकतं, असं ते कलम सांगतं. कोण सुरू करणार? मंत्र्याने मांडलं तर ते सरकारी विधेयक. मंत्री नसलेल्या कुणाही सदस्याने मांडलं तर ते अशासकीय विधेयक. इथे मुलांची एक गफलत नेहमी होते, आणि मला वाटतं ती पुढाऱ्यांचीही होते : अशासकीय म्हणजे विरोधकांचं. तसं नाही. सत्ताधारी पक्षाचा मागच्या बाकावरचा खासदारही अशासकीय सदस्यच असतो. राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यसभा सदस्यही असतो. महान्यायवादी, म्हणजे केंद्र सरकारचे मुख्य वकील, दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, पण मत देऊ शकत नाहीत. आणि आमच्यासारख्या नागरिकाला तर फार तर याचिका करता येते.

अमेरिकेत याबाबत गंमत आहे. तिथल्या राष्ट्राध्यक्षाला एवढी सत्ता असूनही स्वतः विधेयक मांडता येत नाही; काँग्रेसचा कुणी तरी सदस्य शोधून त्याच्या नावाने ते मांडावं लागतं, आणि मग शेकडो सदस्य सहप्रायोजक म्हणून त्यावर आपली नावं घालू शकतात. आपल्याकडे मंत्रिमंडळ संसदेतच बसतं, त्यामुळे कायदा म्हणजे सरकारचं काम अशी सगळ्यांची समजूत होऊन बसली. आपल्याकडे अशासकीय विधेयक एका सदस्याच्या नावावर चालतं. त्याला प्रभारी सदस्य म्हणतात. त्याने पाठ फिरवली की विधेयक बेवारस.

विदर्भाचे लोकसभेतले दहा. त्यातले दोघे, नागपूरचे आणि बुलढाण्याचे, मंत्री आहेत, म्हणून हे पत्र त्यांना एका अर्थाने लागू पडत नाही. नितीन गडकरींनी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातली मोठी दुरुस्ती मांडली आणि मंजूरही करून घेतली. त्यांच्या हाती अख्खं खातं आहे. उरलेले आठ आणि राज्यसभेतले आपण सारे मात्र अशासकीय सदस्य आहात. आठांपैकी बहुतेक विरोधी बाकांवर आहेत, पण मघाशी म्हटलं तसं, या कामात बाक कुठला याला महत्त्व नाही.

मागे वर्गात हा भाग शिकवताना सावनेरकडच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, मंग आपले खासदार शुक्रवारी कुठी राहतात जी?’ वर्ग हसला. पण तिने बरोबर नस पकडली होती.

लोकसभेत शुक्रवारच्या कामकाजाचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामासाठी राखलेले असतात, साधारण साडेतीन ते सहा. राज्यसभेतही शुक्रवारची दुपारच. एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव, असं आलटून पालटून. अधिवेशन चार आठवड्यांचं धरा : विधेयकांच्या वाट्याला आले दोन शुक्रवार. त्यातला एक गोंधळात तहकूब झाला, की राहिला एक. आणि त्या एका शुक्रवारी दुपारी बहुतेक सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात, कारण शनिवारी मतदारसंघात तीन लग्नं, दोन भूमिपूजनं आणि एक सत्कार असतो. लोकसभेची गणपूर्ती, म्हणजे कामकाज चालायला लागणारी किमान हजेरी, एकदशांश : ५५ सदस्य. त्या वेळी तेवढी डोकी मोजून भरणंही अवघड होतं, आणि चर्चा रंगात आलेली असताना कुणी गणपूर्तीचा मुद्दा काढला की घंटी वाजते आणि सभागृह उठतं.

विधेयक मांडण्याचा प्रसंग ज्यांनी संसद टीव्हीवर पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहावा. पीठासीन अधिकारी नाव पुकारतात. सदस्य उभा राहतो, विधेयक मांडायची अनुमती मागतो. ‘होय’चा आवाज येतो. सदस्य म्हणतो, मी विधेयक सादर करतो. बसतो. पुढचं नाव. या टप्प्यावर विरोध करायचा नाही असा संकेत आहे आणि तो क्वचितच मोडतो. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यसभेत समान नागरी कायद्याच्या अशासकीय विधेयकावर मांडण्याच्या पायरीलाच मतविभाजन झालं, ६३ विरुद्ध २३. एरवी अर्ध्या तासात विधेयकांचा ढीग सादर होतो, प्रत्येकाच्या कार्यालयातून बातमी सुटते, फेसबुकवर फोटो पडतो, आणि बहुतेक विधेयकांचं आयुष्य तिथेच संपतं. कारण मांडणं वेगळं आणि चर्चेला येणं वेगळं. चर्चेचा क्रम सोडतीने लागतो. सोडत लागली तर सदस्य बोलतो, आणखी काही जण बोलतात, शेवटी मंत्री उठून सांगतात की विषय महत्त्वाचा आहे, सरकार त्यावर गंभीर आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. सदस्य मागे घेतात. सतराव्या लोकसभेत सातशेहून जास्त अशासकीय विधेयकं मांडली गेली आणि चर्चा झाली दोनांवर.

मला राग येतो तो सरकारचा नाही. कुठलंही सरकार स्वतःच्या वेळापत्रकाला चिकटणारच. राग येतो त्या कागदांचा. एखादं अशासकीय विधेयक उघडून बघा. शेवटी वित्तीय ज्ञापन असतं, म्हणजे या कायद्याला खर्च किती येईल याचा अंदाज. दहातल्या आठांत मजकूर एकाच साच्यातला : दरवर्षी अमुक कोटींचा आवर्ती खर्च, शिवाय तमुक कोटींचा अनावर्ती खर्च. आकडा गोल. तो कशावरून काढला, याचा मागमूस नाही. उद्देश आणि कारणांच्या निवेदनात वर्तमानपत्री अग्रलेखाची भाषा, आणि कलमांत ‘केंद्र सरकार एक प्राधिकरण स्थापन करील’. प्राधिकरणात कोण, त्याच्याकडे तक्रार कशी जाणार, किती दिवसांत निकाल, काही नाही. ग्रामपंचायतीचा ठराव याहून नेटका असतो हो, निदान त्यात गट नंबर तरी लिहिलेला असतो.

आपण म्हणाल, मेहनत करून उपयोग काय, पास तर होत नाही. खरं आहे. १९५२ पासून आजवर दोन्ही सभागृहांनी मंजूर करून कायदा झालेली अशासकीय विधेयकं चौदा. शेवटचं १९७० मध्ये. त्यानंतर एकही नाही. पण ते शेवटचं कोणतं, हे आपल्याला आठवतं का? आनंद नारायण मुल्ला, अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, उर्दूतले मानलेले शायर, लखनौहून अपक्ष निवडून आलेले. पक्ष पाठीशी नाही, संख्याबळ नाही. त्यांच्या विधेयकाने सर्वोच्च न्यायालयाचं फौजदारी अपिलांचं क्षेत्र वाढवलं : खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला उच्च न्यायालयाने अपिलात दोषी धरून जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षा दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क. परवानगीची भीक नाही, हक्क. सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात उद्या असा निकाल लागला, तर गडचिरोलीच्या एखाद्या आरोपीचा वकील ज्या हक्कावर दिल्लीला जाईल त्याची वाट एका अपक्ष खासदाराने बांधलेली आहे.

त्याआधी फिरोज गांधी. संसदेत जे बोललं गेलं ते वर्तमानपत्राने खरेपणाने छापलं तर खटला होऊ नये, हा १९५६ चा कायदा त्यांच्या अशासकीय विधेयकातून झाला. ते सत्ताधारी पक्षाचे खासदार होते आणि पंतप्रधान त्यांचे सासरे. आणीबाणीत तो कायदा रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला, आणि १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते संरक्षण थेट संविधानात गेलं.

आणि पास न झालेल्यांचं काय? मराठी माणसाला हे समजावून सांगायची वेळ यावी याचंच मला नवल वाटतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक इंग्रजांच्या कायदेमंडळात मांडलं. सरकारी सदस्य नव्हते ते. सहा ते दहा वयाच्या मुलांना सक्तीचं शिक्षण, तेही ज्या नगरपालिका-बोर्डांची तयारी असेल तिथेच. इतकी सावध मांडणी. तरी वर्षभराने ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. गोखल्यांनी त्यासाठी खर्चाचा हिशेब मांडला होता, इतर देशांची उदाहरणं गोळा केली होती, देशभर मतं मागवली होती. शिक्षणाचा हक्क संविधानात यायला २००२ उजाडलं आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीचा इतिहास लिहायला बसलेल्या कुणालाही गोखल्यांच्या त्या पडलेल्या विधेयकाला वळसा घालून जाता येत नाही.

मध्य प्रांतातल्या हरिसिंग गौरांचं उदाहरण तर आपल्या घरचं. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हे बॅरिस्टर केंद्रीय विधानसभेत असताना विवाहाच्या कायद्यामागे लागले. १८७२ च्या कायद्याने नोंदणी विवाह करायचा तर आपण हिंदू, बौद्ध, शीख, जैन कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे. गौरांच्या विधेयकातून १९२३ ची दुरुस्ती झाली आणि धर्म न सोडता जातीबाहेर लग्न करण्याची कायदेशीर सोय झाली. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारा १९३७ चा कायदा असाच स्वतःच्या नावाने आणला; वकील मंडळी अजून त्याला ‘देशमुख ॲक्ट’ म्हणतात. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई विधानसभेत, म्हणजे प्रांताच्या सभागृहात का होईना, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विरोधी बाकांवरून खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. दीक्षाभूमीवर दरवर्षी हजेरी लावणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीने बाबासाहेबांची ही बाजूही पाहावी : विरोधात बसूनही कागद तयार करून आणणारा आमदार.

अलीकडचंही एक आहे. द्रमुकचे खासदार तिरुची सिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं विधेयक २४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने मंजूर केलं. कित्येक दशकांनंतर एका सभागृहाने मंजूर केलेलं अशासकीय विधेयक. लोकसभेत ते अडलं. पण सरकारला स्वतःचं विधेयक आणावं लागलं आणि २०१९ मध्ये कायदा झाला. तो सिवांच्या मसुद्यापेक्षा उणा आहे असं त्या समाजातल्या अनेकांचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. तरी विषय अंगावर घ्यायला सरकारला भाग पाडलं कुणी, हे स्पष्ट आहे.

आता मुद्द्याचं. आपण काय मांडावं?

माझ्या मनात पहिला विषय यवतमाळचा आहे. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडाला फार तर दुपट्टा. कायदा कोणता? कीटकनाशकांचा १९६८ चा केंद्रीय कायदा. त्यात विषबाधेची खबर कळवायला लावण्याची तरतूद आहे. एखादं औषध ६० दिवसांपर्यंत थांबवण्याचे अधिकार आहेत. पण ज्याला विषबाधा झाली त्याला कोण भरपाई देणार, यावर कायदा मुका आहे. घरच्यांना मिळालं ते सरकारच्या मर्जीचं सानुग्रह अनुदान. नवीन कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक मार्च २०२० मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं.

इथे आपल्याला एक नेमकं, आखूड विधेयक आणता येतं. पण लिहिताना पैशाचं कलम नीट सांभाळावं लागेल, आणि नेमकं इथेच हौशी मसुदे फसतात. कंपन्यांवर उपकर लावा असं लिहिलंत तर तो कर झाला. कलम ११० आणि ११७ आडवं आलं, राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय ते मांडताच येणार नाही, आणि राष्ट्रपतींची शिफारस म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची. केंद्राच्या तिजोरीतून भरपाई द्या असं लिहिलंत तर मांडता येईल, पण कलम ११७(३) प्रमाणे शिफारस मिळाल्याशिवाय ते मंजूर करता येणार नाही. म्हणजे गाडी फलाटावरच उभी. त्याऐवजी दायित्व उत्पादकावर टाका : औषधासोबत संरक्षक साहित्य दिलं नाही, मराठीत सूचना दिल्या नाहीत, तर विषबाधा झालेल्याला ठरलेली रक्कम कंपनीने द्यायची, चूक सिद्ध करत बसायची नाही. दंड आणि दायित्व हा कर नव्हे. दंडाची तरतूद आहे एवढ्यावरून विधेयक धन विधेयक ठरत नाही, असं कलम ११०(२) स्पष्ट म्हणतं. चूक सिद्ध न करता मदत देण्याची कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. भोपाळनंतर आलेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यात घातक पदार्थांच्या अपघातांसाठी ती आहेच, फक्त त्यात कामगार बसत नाहीत आणि शेतातला मजूर कुणाच्या ध्यानात आलेला नाही. दहा-बारा कलमांचं काम आहे. कंपन्या ओरडतील. ओरडू द्या, चर्चा त्यानेच होते.

दुसरा विषय कोळशाचा. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्या नागपुरात, आणि खाणी उमरेडपासून वणी-बल्लारपूरपर्यंत. या जमिनी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतल्या जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली भरपाई आणि पुनर्वसनाची कलमं २०१५ पासून त्यालाही लागू झाली, पण जमीन घेण्याआधी गावावर काय परिणाम होईल याचं मूल्यमापन मात्र त्या जुन्या कायद्यात नाही. ती एक दुरुस्ती चंद्रपूर आणि रामटेक या दोन्ही मतदारसंघांच्या कामाची आहे. यावर लांबण लावत नाही; त्या भागातले लोक आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

वेगळ्या विदर्भाबद्दलही लिहायलाच हवं, नाही तर आमच्याकडे पत्र पूर्ण झालं असं कुणी मानत नाही. नागपूरने १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांना आणि १९७१ मध्ये जांबुवंतराव धोटे यांना याच प्रश्नावर दिल्लीला पाठवलं. पण निवडणुकीच्या सभेत ‘विदर्भाचं विधेयक मी मांडतो’ असं कुणी म्हटलं तर समजावं की त्याने कलम ३ वाचलेलं नाही. नवीन राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडताच येत नाही, आणि त्याआधी ते संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला जातं. अशासकीय सदस्याला यावर ठराव आणता येतो, विधेयक नाही. मात्र घटनादुरुस्तीचं विधेयक कुणीही खासदार आणू शकतो. कलम ३६८ त्याला राष्ट्रपतींच्या पूर्वपरवानगीची अट घालत नाही, फक्त लोकसभेत अशासकीय विधेयकांची समिती ते आधी तपासते. विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. ते मंडळ राष्ट्रपतींच्या आदेशावर आणि वेळोवेळच्या मुदतवाढीवर का अवलंबून असावं? कलम ३७१(२) मध्येच ते कायमचं का लिहू नये? हा प्रश्न वेगळं राज्य हवं म्हणणाऱ्यांनाही विचारता येतो आणि नको म्हणणाऱ्यांनाही. दोनतृतीयांश मतं मिळणार नाहीत, ठाऊक आहे. पण सरकारच्या मंत्र्याला उभं राहून कारण सांगावं लागेल आणि ते कामकाजात नोंदलं जाईल. आज ते कारण कुठेच लिहिलेलं नाही.

मसुदा कोण लिहिणार, हा प्रश्न आपल्या स्वीय सहायकांना पडला असेल. लोकसभा सचिवालय तांत्रिक बाजू पाहून देतं, संसदेचं ग्रंथालय संदर्भ काढून देतं. पण माझं म्हणणं, मसुदा इथे लिहा. बुटीबोरीकडे वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. खंडपीठात हयात घालवलेले वकील आहेत, ज्यांना एखाद्या शब्दामुळे अशिलाची केस कशी बुडते हे पाठ आहे. कीटकनाशकांचं विधेयक असेल तर कृषी सहायक, फवारणी करणारे मजूर आणि यवतमाळच्या दवाखान्यात त्या हंगामात रात्रपाळी केलेले डॉक्टर यांना एकदा तरी समोर बसवा. इंग्रजी-हिंदीत सादर होणाऱ्या विधेयकाची मराठी प्रत स्वतः छापा. कंपन्यांच्या माणसांनाही बोलवा. त्यांचे आक्षेप सभागृहात पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा नागपुरात ऐकलेले बरे.

आणि एक विधेयक राज्यसभेतून आणा. लोकसभा विसर्जित झाली की तिथली प्रलंबित विधेयकं कोलमडतात; राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेकडे न गेलेलं विधेयक तसं मरत नाही. फक्त प्रभारी सदस्य निवृत्त झाला वा मंत्री झाला तर त्याचं विधेयक यादीतून जातं. म्हणून ज्यांची मुदत चार-पाच वर्षं बाकी आहे अशा सदस्याने ते घ्यावं. उरलेल्यांनी त्या दिवशी आपापल्या सभागृहात बसावं. पक्ष वेगळे आहेत, मान्य. पण कपाशीवर औषध मारणारा माणूस कुणाचा मतदार आहे, हे पंप विचारत नाही.

आता थोडं आमच्याबद्दल, कारण सगळं खापर आपल्यावर फोडणं बरोबर नाही. आम्ही मतदार खासदाराच्या कार्यालयात काय घेऊन येतो? रेल्वेच्या आपत्कालीन कोट्याचं पत्र. दवाखान्याच्या मदतीचं पत्र. चौकात हायमास्ट लावून द्या. पोराच्या लग्नाला या, न आलात तर पुढच्या वेळी बघून घेऊ. पाच कोटींच्या खासदार निधीतून आमच्या वॉर्डात किती आले, हे आम्ही बोटांवर मोजतो. आपण कोणतं विधेयक मांडलंत, हे कुणी विचारत नाही. पत्रकार उपस्थितीची टक्केवारी आणि प्रश्नांची संख्या छापून मोकळे होतात. विधेयकातली कलमं वाचून त्यावर चार ओळी लिहिलेल्या मी तरी आमच्याकडच्या पेपरात फारशा पाहिल्या नाहीत. तेव्हा शुक्रवारी आपण विमान पकडता याला आम्हीही कारण आहोत. तरी शुक्रवारी संध्याकाळच्या आणि शनिवार सकाळच्या कार्यक्रमांना ‘अधिवेशन आहे, येऊ शकत नाही’ असं कळवण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि ते कळवलंत तर निदान माझ्यासारखे काही लोक बाजूने बोलतील.

राहता राहिली मुदत. अशासकीय विधेयकाची सूचना साधारण एक महिना आधी द्यावी लागते. पावसाळी अधिवेशन बहुधा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि फवारणीचा हंगामही त्याच सुमारास. म्हणजे मसुदा जूनच्या मध्यापर्यंत सचिवालयात पोचला पाहिजे, आणि त्याआधीच्या बैठका मे महिन्यात, यवतमाळ आणि वणीच्या उन्हात घ्याव्या लागतील. जागा आणि तारीख कळवा. मसुद्याच्या प्रती काढणं, मराठी भाषांतर तपासणं, बैठकांचं इतिवृत्त लिहिणं ही कामं माझे विद्यार्थी आणि मी करून देऊ. चहापाण्याचा खर्च आपल्या निधीतून टाकू नका, तो नियमात बसत नाही.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक आणि मतदार
नागपूर